मुदत

सोमवारी सव्वादहाला मुर्तझाभाईंचा फोन.
अब्दुल रहमान स्ट्रीट. बिजागऱ्या, कड्या, कुलपं, घाऊक.
"मॅडम, बिल बनत नाही. नुसतं गोल फिरतंय."

शनिवारी रात्री आम्ही सर्व्हर हलवला होता.
नाव तेच ठेवलं, पत्ता बदलला.
नाव म्हणजे दारावरची पाटी, पत्ता म्हणजे आकडे,
आणि मशीनला पाटीवरून घर सापडत नाही,
ते दरवेळी कुणाला तरी विचारतं:
हे कुठे राहतात हो?

त्या विचारण्यात चाळीस मिलिसेकंद जातात.
ते वाचवायला तीन वर्षांपूर्वी
मीच बावीस ओळी लिहिल्या:
एकदा विचार, लक्षात ठेव, पुन्हा विचारू नको.
उत्तरासोबत त्याची मुदतही येते, सेकंदांत.
ती मी वाचली नव्हती.
खरं सांगायचं तर वाचली होती,
आणि पुढच्याच ओळीत टाकून दिली.

"भाई, एकदा बंद करून चालू करा."
दुकानातला कॉम्प्युटर ते कधीच बंद करत नाहीत.
फोनमधून हातगाडीवाल्याची शिवी, पंख्याची घरघर,
मग प्रिंटरचा दात खाल्ल्यासारखा आवाज.
"चालला! काय झालं होतं?"
"त्याला जुनं आठवत होतं."
"आणि आता?"
"आता विसरलाय. म्हणून चालतोय."
"असा एक स्विच," ते म्हणाले,
"आमच्या मेहुण्याला बसवून द्या."

शरयू आत्या चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात,
चौकशीच्या टेबलावर.
कानाला हेडफोन, पुढ्यात उशीएवढी वही.
नाव सांगा, नंबर घ्या.
वहीला ती हात लावायची नाही.
काळबादेवीचे कापडवाले, परळची प्रसूतिगृहं,
गावदेवीचा बर्फाचा कारखाना, सगळं ओठांवर.
डिसिल्व्हा साहेब तासाला किती ते मोजत,
आणि महिन्याच्या शेवटी तिचं नाव फळ्यावर.

एका रात्री पावणेतीनला एका बाईनं
माहीमच्या डॉक्टर कार्व्हालोंचा नंबर मागितला.
आत्यानं तोंडपाठ दिला.
कार्व्हालो महिन्यापूर्वीच सांताक्रूझला गेले होते,
वहीत चिठ्ठी चिकटवलेली होती, लाल शाईत.
बंद दवाखान्यात घंटी वाजत राहिली.
बाईनं पुन्हा विचारलं.
आत्यानं पुन्हा तेच आकडे दिले,
या वेळी हळू, सुटे सुटे,
जणू चूक ऐकणारीची होती.

पुढे काय झालं ते तिला कळलं नाही.
चौकशीवाल्यांना ते कळत नसतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक नावाला वही.
मोजणी घसरली. डिसिल्व्हांनी मेमो दिला.
तो अजून आहे तिच्याकडे, शिवणाच्या डब्यात,
बॉबिनच्या खाली.

रात्री चांदिवलीत मी त्या बावीस ओळी उघडल्या.
मुदत वाचली. मुदत पाळली. एकतीस ओळी झाल्या.
मग एक कोपरा उरला:
"असं नाव नाही" हे उत्तरही साठतं.
भाईंची भिवंडीची शाखा नोंदवायच्या आधीच
कुणी विचारलं, तर तो नकार बसून राहतो,
शाखा उघडून, पेढे वाटून झाले तरी.
एक नकार किती वेळ खरा धरायचा?
माझ्याकडेही एक आहे, दोन हजार बाराचा.
तपासलेला नाही.

आत्याला विचारलं. कॉम्प्युटरचं तिला काही सांगितलं नाही,
फक्त एवढंच, की माहिती किती दिवस जवळ ठेवावी.
"ते आपण कोण ठरवणार?
ज्यानं सांगितली, त्यालाच विचारावं,
बाबा रे, हे कधीपर्यंत?"
आणि कुकर झाला म्हणून फोन ठेवला.

ती आता ब्याऐंशीची.
माझा नंबर बारा वर्षं एकच आहे,
झोपेतून उठवलं तरी सांगेल.
तरी मला फोन करायच्या आधी
चष्मा शोधते, डायरी उघडते,
माझ्या नावावर बोट ठेवून एकेक आकडा दाबते.
मी उचलल्यावर आधी विचारते,
"तूच ना?"